चवीचे सोवळे

दारू वाईट आहे, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. माझे वडील तिनेच गेले. १९६४ सालचा पावसाळा होता. मी बारा वर्षांचा होतो आणि वडील एक्केचाळीस वर्षांचे. अखेरच्या दिवसांत त्यांच्या अंगाला जो वास येई तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. तेराव्या दिवशी आईने मला देवापुढे बसवून शपथ घ्यायला लावली, की या वस्तूला मी ओठ लावणार नाही. ती शपथ मी साठ वर्षे पाळली. हे आधीच सांगून टाकतो; कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून काही सद्गृहस्थ 'हा कोणी बाटलीबहाद्दर दिसतो' असे म्हणून पान उलटतील. त्यांनी जरा थांबावे.

ती शपथ मी मे २०२५ मध्ये मोडली. माझ्या हातून ती मोडली ती बेल्जमच्या जोगी लोकांनी गाळलेल्या काळ्या बिअरच्या एका घोटाने. आणि त्या घोटाने मला जे शिकवले ते आपल्याकडच्या दारूबंदीवाल्यांनाही आवडणार नाही आणि दारूच्या रसिकांनाही आवडणार नाही. दोघांनाही आवडणार नाही असे काही सुचले की ते दिवाळी अंकाकडे पाठवावे, असा आमच्या पिढीचा रिवाज आहे.

मी काशीमीऱ्याचा. हे नाव उच्चारले की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू उमटते, त्याची मला आता सवय झाली आहे. महामार्गाच्या दोन्ही अंगांना लॉज, ऑर्केस्ट्रा बार, संध्याकाळी लखलखणाऱ्या पाट्या. २००५ साली सरकारने डान्स बार बंद केले, पुढे सर्वोच्च न्यायालयात तो कायदा टिकला नाही, आणि या सगळ्या काळात आमच्या नाक्यावरच्या पाट्यांची नावे बदलली, दिवे मात्र तसेच राहिले. घोडबंदर रस्ता जिथे महामार्गाला मिळतो त्या नाक्यावर उभे राहिले, तर एका बाजूला मेट्रोचे खांब आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या पायथ्याला आदिवासींचे पाडे आहेत. नाक्यावर प्यायली जाते ती 'लिकर'. पाड्यावर प्यायली जाते ती 'दारू'. पहिलीला मंडळी पार्किंग देतात, दुसरीवर धाड घालतात. माझे सगळे म्हणणे या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

आता त्या घोटाविषयी. माझी भाची बेल्जममध्ये लुव्हेन गावी नोकरीला आहे. ती सुट्टीला आली तेव्हा दोन लहान बाटल्या घेऊन आली. चिठ्ठी निळी, नाव शिमे, मापाने तिनशेतीस मिलिलिटर, आणि मद्यार्क ९ टक्के. बेल्जमच्या दक्षिणेला स्कूरमों नावाचा मठ आहे. तिथले ट्रॅपिस्ट पंथाचे साधू १८६२ पासून बिअर गाळतात. ही काळी, कडक बिअर त्यांनी १९४८ साली प्रथम नाताळासाठी केली. 'ट्रॅपिस्ट' ही मुद्रा बाटलीवर लावायची तर बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली झाली पाहिजे, आणि मिळकत मठाच्या निर्वाहाला व दानधर्माला गेली पाहिजे. आपल्या हातांच्या कष्टावर जगावे, हा त्यांच्या पंथाचा नियमच आहे.

"मामा, एक घोट घ्या. तुम्हांला चढण्याइतकी देत नाही," भाची म्हणाली.

"तुझ्या आजीला दिलेला शब्द आहे," मी म्हणालो.

"आजीने शब्द घेतला तो दारूचा. ही दारू आहे की नाही, हे तुम्ही न चाखता कसे ठरवता?"

मी मास्तर होतो. छत्तीस वर्षे मुलांना 'आधी पाहा, मग लिहा' असे सांगितले. त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पण कायद्याचे काय? आपल्या राज्यात मद्य घ्यायला परवाना लागतो. १९४९ सालचा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. फक्त त्याच्या नावातले मुंबई जाऊन महाराष्ट्र आले. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो, जन्माचा हजार रुपयांना. मी नाक्यावरच्या एका दुकानात जाऊन परवाना मागितला, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस इतका चकित झाला, की त्याला वाटले मी खात्याकडून आलो आहे. अखेर कागद मिळाला. तो वाचून मी जागच्या जागी थबकलो. अर्जदार हे मद्य आपले आरोग्य राखण्यासाठी घेत आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता! म्हणजे महाराष्ट्रात कायदेशीर रीतीने पिणारा प्रत्येक मनुष्य कागदोपत्री रुग्ण आहे. ज्या राज्यात प्यायला सुरुवात करण्यापूर्वी आधी खोटे बोलावे लागते, त्या राज्याने दारूविषयी नीतीचे धडे द्यावेत, याचे मला मोठे नवल वाटते.

असो. या बिअरला रुंद तोंडाचा चषक लागतो म्हणे. आमच्या घरी निघाली श्रीखंडाची काचेची वाटी. बाटली बर्फगार करायची नाही, माठातल्या पाण्याइतकी गार पुरे. ओतताना तळाचा गाळ ढवळू द्यायचा नाही, कारण बाटलीत भरल्यावरही आतले किण्व आपले काम करीतच असते. वाटीत जे आले ते काळे म्हणावे तर काळे नव्हते. उजेडात धरले तर काकवीचा तांबूस रंग दिसला. वर मळकट सायीसारखा फेस. वास आला तो आधी मनुकांचा, मग भिजवलेल्या खारकांचा, मग लवंगेचा. आत लवंग घातलेली नसते. तो वास किण्वाचाच असतो, असे भाचीने सांगितले. घोट घेतला. आधी गोड, मग पुरणाच्या तळाला लागलेल्या गुळासारखे किंचित करपट, शेवटी कडूपणाची अगदी पुसट रेघ, आणि गिळल्यावर छातीत एक ऊब. पुढचा घोट घेण्याची घाई होईना. तेवढी वाटीभर बिअर संपवायला मला पाऊण तास लागला.

वडिलांचा वास तिच्यात नव्हता. मी तो शोधत होतो, हे आता कबूल करतो. तो सापडला नाही, म्हणून मला हायसे वाटले आणि त्याच क्षणी भयंकर राग आला.

राग का आला ते सांगतो. तिचा रंग आणि तो खारकांचा वास कशाचा, असे मी विचारले. भाची म्हणाली, या जातीच्या काळ्या बिअरमध्ये काळोखी बहुधा भाजलेल्या धान्याची नसते. साखरेचा पाक करपवून काळा करतात आणि तो उकळीत घालतात. तिकडे त्या साखरेला 'कँडी' म्हणतात. मी चमकलो. कँडी म्हणजे कंद, कंद म्हणजे खंड, खंड म्हणजे आपली खडीसाखर! संस्कृतातला शब्द फारसीतून, अरबीतून फिरत युरोपात गेला आणि साधूंच्या कढईत जाऊन बसला. आणि माझ्या वडिलांना ज्या हातभट्टीने नेले तीही कशाची होती? काळ्या गुळाची. काळा गूळ आणि नवसागर. म्हणजे दोन्ही ठिकाणी काळी केलेली साखरच. तिकडे तिच्यापासून साधूंनी मठ चालवला, आणि आमच्याकडे तिच्यापासून माझी आई बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. हा फरक साखरेने केलेला नाही. तो कायद्याने केलेला आहे.

माझे आजोबा भंडारी. खाजणाच्या कडेला त्यांचे ताड होते. पहाटे मडके उतरले की नीरा, दुपारी तिची ताडी, दुसऱ्या दिवशी शिर्का. ताडी सौम्य, तिच्यात मद्यार्क बिअरहून फारसा जास्त नसतो, आणि ती साठवून ठेवता येत नाही, म्हणून माणूस दिवसाला प्यायचा तेवढीच प्यायचा. घरातली माणसे, शेतावरची माणसे, जत्रेतली माणसे पीत. कोणी जास्त झाल्यावर बांधावर झोपे. त्यात काही मोठे काव्य होते असे मी म्हणत नाही. आजी त्या वासाने नाक मुरडायचीच. पण ताडीने आमच्या घरातला कोणी मेला नाही.

६ एप्रिल १९५० रोजी मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. मोरारजीभाईंचा हेतू शुद्ध होता, याविषयी मला शंका नाही. पण त्या कायद्याने विलायती व्हिस्की, गाळलेली दारू, बिअर आणि ताडी यांना एकाच दावणीला बांधले. नीरेची तेवढी मुभा ठेवली. आजोबांचे मडके उतरले ते कायमचे. वडील तरुण होते, दिवसभर मिठागरावर राबत, संध्याकाळी त्यांना काहीतरी हवे असे. सौम्य वस्तू बंद झाली, तेव्हा जी लपवायला सोपी, थोडक्यात चढणारी आणि रात्रीत तयार होणारी, ती वस्तू त्यांच्यापर्यंत पोचली. बंदीत सर्वांत आधी मरते ती सौम्य दारू; कारण ती जागा फार खाते आणि नफा थोडा देते. हातभट्टीला बंदी हे खत आहे.

आता याच्या शेजारी बेल्जमची गोष्ट ठेवून पाहा. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली तिथेही दारूविरुद्ध कायदा झाला. त्यामागे उभा होता एमिल व्हान्डरव्हेल्ड हा समाजवादी पुढारी. कामगाराची मजुरी गुत्त्यात जाते, ही त्याचीही कळकळ. पण त्याने बंदी घातली ती गाळलेल्या, जहाल दारूवर. गुत्त्यात ती विकता येणार नाही. दुकानातून घ्यायची तर एका वेळी निदान दोन लिटर घ्यावी लागेल, म्हणजे हातावर पोट असलेल्याच्या खिशाबाहेर. बिअरला त्याने हात लावला नाही. तो कायदा साठ वर्षांहून अधिक टिकला. गुत्त्यात जहाल मिळेना, तेव्हा लोकांना थोडी ऊब देणारी बिअर तिथल्या गाळणाऱ्यांनी केली. आजची ती कडक काळी बिअर वाढीला लागली त्याचे हे एक कारण सांगतात. २०१६ साली बेल्जमच्या बिअरसंस्कृतीला युनेस्कोने मानवजातीच्या वारशात जागा दिली. तिकडे कायद्याने आंबवलेले आणि गाळलेले यांत भेद केला, त्यातून एक कारागिरी उभी राहिली. इकडे भेद केला नाही, त्यातून काळा गूळ आणि नवसागर उभा राहिला.

कोणी म्हणेल, ही सगळी १९५० नंतरची रड आहे. तसे नाही. तिची मुळे इंग्रजांच्या तिजोरीत आहेत. १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू मक्तेदारांच्या हाती दिली, ताडाच्या झाडावरचा कर वाढवला. आणि १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी 'मोहडा कायदा' आला. त्यात गुन्हेगार कोण ठरले? फूल! मोहाचे फूल गोळा करणे, बाळगणे, विकणे यावरच निर्बंध आले. साष्टी तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, म्हणजे आमच्या डोंगरावरचे मोहही त्यात आले. ज्या फुलावर आदिवासी उपासाच्या महिन्यांत पोट भरतो, भाकरीत घालतो, गुरांना घालतो, ते वेचणारी बाई सरकारी दप्तरात चोर झाली. मोहफुलांवरचे निर्बंध महाराष्ट्राने सैल केले ते २०२१ साली. सव्वाशेहून अधिक वर्षे एक फूल संशयित होते!

आणि त्या वाटीतल्या बिअरला मनुकांचा जो वास येत होता, तो मला परका का वाटला नाही, हे दुसऱ्या दिवशी ध्यानात आले. वाळलेल्या मोहफुलाचा वास तोच. लहानपणी पाड्यावरच्या मुलांबरोबर आम्ही ती फुले मनुकांसारखी चघळत असू. पुण्यात २००९ साली दूलाली निघाली, त्यानंतर शहरांतून अशा बिअरगृहांची रांग लागली. मोठ्या काचा, मोठे दर, आणि पदार्थांच्या यादीत इंग्रजीतून लिहिलेले असते, की हिला अंजिराचा, मनुकांचा, लवंगेचा गंध आहे. तो गंध वाचून जे सद्गृहस्थ डोळे मिटतात, त्यांना पाड्यावरच्या मोहाचा वास आला की ते नाकाला रुमाल लावतात. रसिकहो, नाक तुम्हांला एकच आहे. मग वास दोन कसे येतात? तुम्ही चव घेत नाही, तुम्ही दर वाचता.

सोवळ्यांचीही तीच गत. आमच्या शेजारच्या काकू दारूचे नाव काढले की कानावर हात ठेवीत, आणि रोज रात्री जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेत. आसव-अरिष्टे ही धायटीची फुले घालून आंबवलेली असतात. त्यांत आपोआप तयार झालेला मद्यार्क किती, ते बाटलीवर छापलेले असते. काकूंच्या चमच्याला माझा आक्षेप नाही. उलट त्यांची मात्रा आदर्श होती. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त मद्यावर सुराध्यक्ष नेमला, दुकानांना नियम घातले, आणि त्याच अधिकरणात कुटुंबवाल्यांना कार्यप्रसंगी घरची पांढरी सुरा आणि औषधाला अरिष्ट करायची मोकळीक दिली. उत्सव-यात्रांना चार दिवसांची सूट दिली. म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास वर्षांपूर्वीच्या त्या कठोर माणसालाही मद्य-मद्यात फरक कळत होता. आपल्याला कळत नाही, कारण आपल्याला तो कळून घ्यायचा नाही.

आता खऱ्या आक्षेपाकडे येतो. तो सोवळ्यांचा नाही, बायकांचा आहे. ज्या गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांना मी काय सांगणार? त्यांना मी काहीच सांगणार नाही. त्यांच्यापुढे मी मान खाली घालतो. माझी आई त्यांच्यात शोभली असती. वर्धा १९७५ पासून कोरडा आहे, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूर २०१५ साली कोरडा केला आणि २०२१ साली पुन्हा ओला केला. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या बंदीमागे मारहाण सोसलेल्या बायका होत्या. पण त्या बायका कशाविरुद्ध उठल्या? ताडाच्या मडक्याविरुद्ध नव्हे. स्वस्त, जहाल, घटकेत चढणाऱ्या बाटलीविरुद्ध. आणि ती बाटली विकते कोण? जून २०२५ मध्ये सरकारने मद्यावरचे कर वाढवले तेव्हा तिजोरीत दरसाल चौदा हजार कोटींची भर पडेल, असा अंदाज दिला, आणि देशी दारूच्या एकशेऐंशी मिलिलिटरला किमान ऐंशी रुपये भाव बांधून दिला. दारूबंदीचा कायदा वहीत, दारूचा आकडा अंदाजपत्रकात! नवरा घरी येऊन मारतो तेव्हा त्याच्या हाताला सरकारचा थोडा हात लागलेला असतो, हे आपण कधी बोलतो काय?

आणि हातभट्टी संपली म्हणावे, तर जून २०१५ मध्ये आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, मालवणीला, विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. तिच्यात मिथेनॉल होते. मेलेल्यांतला एकही मनुष्य काचेच्या बिअरगृहात बसणारा नव्हता.

कोणी असेही म्हणेल, की मास्तर, ती तुमची काळी बिअर नऊ टक्क्यांची, आपल्याकडे तर नियमांत बिअरला आठ टक्क्यांची मर्यादा आहे. मग सौम्य कोण? आक्षेप चांगला आहे, आणि माझे उत्तर त्यातच आहे. आपल्याकडे 'स्ट्राँग' हा शब्द बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापतात, कारण गिऱ्हाईक तोच विकत घेते. मोठी बाटली, बर्फगार, चव कळू नये अशी. चार घोटांत उतरवायची आणि घरी जायचे. तिकडे नऊ टक्के लहान बाटलीत, रुंद चषकात, चवीने भरलेले. ते गटकन पिता येतच नाही. जोर एकच, पण एक जोर तुम्हांला बसवून ठेवतो आणि दुसरा तुम्हांला पाडतो. चव हा संयमाचा शत्रू आहे, असे आपल्या सोवळ्यांनी आपल्याला शिकवले. मी साठ वर्षे ते मानले. त्या पाऊण तासात मला उलटे दिसले. ज्याला चव आहे ते मनुष्य मोजून घेतो. ज्याला चव नाही ते तो फक्त परिणामासाठी घेतो, आणि परिणामाला 'पुरे' हा शब्द ठाऊक नसतो.

माझे मागणे थोडे आहे. आंबवलेले आणि गाळलेले यांत कायद्याने भेद करावा, आणि करही त्याच मापाने लावावा. ताडीच्या नावाखाली आज क्लोरल हायड्रेट घातलेले पाणी विकले जाते. ते पकडावे, आणि खऱ्या ताडवाल्याला तपासणी करून, मान देऊन धंदा करू द्यावा. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या मोहाने काय पाप केले? तो गाळलेला आहे, जहाल आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो अंधारातून उजेडात यावा, पाड्याच्या सहकारी संस्थेच्या हाती राहावा, आणि त्याच्या बाटलीवर मद्यार्काचा आकडा असावा. बायकांचा बाटली आडवी करण्याचा हक्क जसाच्या तसा राहावा. आणि तो आरोग्याचा खोटा कागद फाडून टाकावा. ज्याला प्यायचे आहे त्याने, मी चवीसाठी पितो, असे लिहून द्यावे. म्हणजे निदान चव आहे की नाही, हे तरी त्याला पाहावे लागेल.

राहता राहिली माझी शपथ. भाचीने केलेला युक्तिवाद हुशारीचा होता. पण मी तो माझ्या बचावाला वापरणार नाही. ती दारू होती आणि मी ती प्यालो. शपथ मोडली. त्या रात्री मी आईच्या तसबिरीपुढे बराच वेळ उभा राहिलो. तिने कधी ताडीला नावे ठेवलेली मला आठवत नाहीत. वडिलांचे सामान आवरताना तिने भट्टीची रिकामी बाटली दगडावर आपटून फोडली. पण आजोबांचे मडके कोपऱ्यात पालथे घालून ठेवले, ते ती जाईपर्यंत तसेच होते. काय फोडायचे आणि काय ठेवायचे, हे त्या निरक्षर बाईला कळले होते. दुसरी बाटली माझ्या कपाटात आहे. मी ती उघडणार नाही. ते मडके मात्र मी आणून उताणे ठेवले आहे.